शेवटपर्यंतचा डाव

सुरुवातीवर इतकं प्रेम करणारा माणूस माझ्या साडूंशिवाय जगात दुसरा नसेल. रहस्यकथेची पहिली पन्नासेक पानं ते जीव ओतून वाचतात, खुनी कोण, असं विचारलं की म्हणतात, "ते लेखकाला माहीत असेल ना." द्राक्षांसाठी त्यांनी गच्चीवर भक्कम मांडव घातला, वेल लावायची राहिली, आणि ताई, म्हणजे माझी थोरली मेहुणी, गेली कित्येक वर्षं त्यावर कपडे वाळत घालते. माझ्या मुलीच्या लग्नात दोन मंगलाष्टकं होताच त्यांनी माझा हात दाबला, "सुरुवात उत्तम झाली" म्हणाले आणि जेवणाआधीच निघून गेले.

बुद्धिबळातही तेच. स्पॅनिश ओपनिंगच्या दहा-बारा चाली त्यांना तोंडपाठ. त्यावर बोलू लागले की ऐकणाऱ्याचा चहा निवतो. पण समोरच्याने पुस्तकाबाहेरची एक चाल केली की हे हार मान्य करतात, त्याच्या खेळाचं तोंडभरून कौतुक करतात आणि घरी येतात. आजवर एकाही स्पर्धेत त्यांनी डाव शेवटाला नेलेला नाही.

परवाच्या रविवारी त्यांना स्कूटरवरून स्पर्धेला नेत होतो. द्वारका चौकातल्या गर्दीत अडकलो, तेव्हा मागून ते हळूच म्हणाले, "आपलं काहीच शेवटाला गेलं नाही हो. आज हरलो तरी चालेल, पण एकदा तिथवर जायचंय." एरवी मी काहीतरी टोमणा मारला असता. त्या दिवशी मात्र मला भरून आलं.

समोर विंचूरचे एक कांदा व्यापारी बसले होते. त्यांनी दुसऱ्याच चालीला पुस्तक सोडून कडेचं प्यादं दामटलं. साडूंचा हात हार मान्य करायला पुढे निघाला, वाटेत थबकला आणि पाण्याच्या बाटलीकडे वळला. मग वजीर गेले, हत्ती गेले, दोन प्यादी तर यांनी फुकट घालवली. घाम पुसत ते बसून राहिले. आजूबाजूची टेबलं रिकामी झाली. अखेर आपला एकुलता एक उंट देऊन त्यांनी व्यापाऱ्यांचं उरलेलं प्यादं मारलं, आणि पटावर नुसते दोन राजे राहिले. डाव बरोबरीत सुटला.

"लय चिवट हाय तुम्ही," व्यापारी हात मिळवत म्हणाले.

साडू जागचे उठले नाहीत. चष्मा काढून पटाकडे बघत राहिले.

"केवढी मोकळी जागा असते हो इथं," ते म्हणाले.

मी त्यांना घाई केली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला त्यांचा हेवा वाटत होता.