मंजूर, मंजूर

परवा चौकातल्या लाऊडस्पीकरवर कुठल्याशा सभेतलं ‘मंजूर, मंजूर’ ऐकलं आणि नव्वदच्या दशकातली आमच्या संस्थेची सभा आठवली. शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत काम करणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी आम्ही तिथंच पाळणाघर चालवत होतो. देणगीदारांना बघायला सोयीचं म्हणून ते कोल्हापुरात, अध्यक्षांच्या बंगल्याशेजारी हलवायचा विषय होता. मी सचिव, ‘मंजूर’ ओरडणारी माणसं पहिल्या रांगेत मीच बसवली होती. विषय वाचत होतो, तोच मागून एक आई उठली. कामावरून तशीच आलेली, लुगड्याला जळक्या वाळूचा वास. ‘सायेब, पोरं तिकडं न्हेल्यावर त्यास्नी पाजायला आमी कवा जायाचं? का अध्यक्ष पाजणार हाईत?’ बायका खो खो हसल्या. मी आवाज चढवून वाचन उरकलं आणि रांग गरजली, ‘मंजूर!’ नवं पाळणाघर रिकामंच राहिलं. पोरांच्या आयांनाच कदर नाही, असं आम्ही गावभर सांगितलं. साफ खोटं! ज्यांच्यासाठी संस्था काढली, त्यांनाच आम्ही विचारलं नव्हतं. आता संस्थेचा इतिहास छापायचा घाटलाय आणि त्यातही दोष त्या आयांवरच आहे. यंदाच्या सभेत तो मंजुरीला येईल. येऊ दे. मी पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि ‘नामंजूर’ ओरडण्याइतका दम माझ्या छातीत अजून आहे.