कमलाक्षीवयनीचं रक्त

पडद्यावर मी दोनदा मेलो आहे. दोन्ही वेळा कोयत्याने आणि दोन्ही वेळा पांढऱ्या शर्टात. पहिल्यांदा मेलो तेव्हा डिचोलीचं अख्खं थिएटर हसलं. माझं सोडा, मी प्राथमिक शाळेचा मास्तर, समोर बसून हसणारे मला रोजचेच. पण त्या हसण्यात आमच्या कमलाक्षीवयनीची अब्रू गेली. ती तिने परत कशी आणली, तेवढंच मला सांगायचं आहे.

वयनी इब्रामपूरची, आमची शेजारीण. नवरा नारायण डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायचा आणि रविवारी लाल मातीने माखून घरी यायचा. घरामागे भिरंडांची सात झाडं होती. घाटावरच्यांनी भिरंड म्हणजे रातांबा, कोकमाचं फळ, समजावं. एप्रिल-मेमध्ये वयनीचे हात कोपरापर्यंत जांभळे. सोलं उन्हात वाळवायची, रसात मीठ घालून आगळ काढायचं आणि बाटल्यांत भरायचं. बाटल्या डिचोलीच्या सदाशिव दुकानदाराकडे जायच्या, आणि त्याच्याकडून थिएटरच्या कँटीनलाही. एक मात्र दर वर्षी जत्रेतल्या नाटकाला राखून ठेवलेली असायची, कारण आमच्या गावात नाटकातलं रक्त म्हणजे वयनीचं आगळ. त्या बाटलीवर किती राजे आणि किती सेनापती मेले त्याला गणती नाही. मखमली अंगरख्यावर ते असं काळंभोर दिसायचं की पुढे बसलेल्या बायका पदर तोंडाला लावायच्या. वयनीला नाटक किती कळायचं मला ठाऊक नाही, पण कोण नीट मेला ते तिला बरोबर कळायचं. यंदा मरताना घाई केलीत, असं ती मला तोंडावर सांगायची.

गोवा घटकराज्य झालं त्याच्या पुढच्या वर्षी गौरेशच्या डोक्यात सिनेमा शिरला. गौरेश हा डिचोलीच्या एका ट्रकमालकाचा मुलगा, मुंबईत कुणाच्या तरी हाताखाली चार वर्षं काढून आलेला. सिनेमाचं नाव ‘कुळागरातला कोयता’. सुपारीच्या बागेत, म्हणजे आमच्या कुळागरात, एका बागाइतदाराचा खून होतो आणि त्याचं भूत कोयता घेऊन एकेकाला गाठतं, अशी गोष्ट. भाषेच्या भांडणातून लोक नुकते कुठे बाहेर पडले होते, तेव्हा भुताने कोणत्या भाषेत बोलावं यावरच महिना गेला. शेवटी भूत मराठीत बोलेल आणि मरणारे कोकणीत ओरडतील असा तोडगा निघाला. मरताना माणूस भाषा निवडत नाही, असं मी म्हटलं, पण मास्तराचं कोण ऐकतो?

पहिला बळी मीच. शर्ट पणजीहून धुऊन, कडक इस्त्री करून आणलेला. रक्त अर्थातच वयनीचं. संध्याकाळ होत आली होती, उजेड चालला होता, सगळ्यांची घाई. माझ्या मानेवर आगळ ओतलं, मी पडलो, गौरेश खूश झाला. रक्त जरा काळपट वाटतंय, असं कुणीतरी म्हणालं आणि ते तिथेच राहिलं.

मग सिनेमा लागला. वयनी जत्रेचं लुगडं नेसून आली होती, शेजारी नारायण. पडद्यावर कोयता माझ्या मानेत बसला, लाल धार शर्टावर उतरली आणि बघता बघता निळी झाली. ‘मास्तराचं पेन फुटलं रे,’ मागून आवाज आला. झालं. पुढे भूत कुणालाही कापो, लोक पोट धरून हसत होते. मध्यंतरात कँटीनवाल्याने कोकम सरबताचे ग्लास मांडले तर चांगले बाप्ये येऊन ‘एक निळं दे’ म्हणत होते.

वयनी जागची हलली नाही. माझ्याकडे वळून तिने एवढंच सांगितलं, ‘माज्या आगळात खोट ना, मास्तर. त्या शर्टात सोडो आसा.’

सोलकढीची वाटी साबणाच्या पाण्यात पडली की निळी होते, हे गोव्यातल्या कुठल्याही बाईला विचारा. मी जन्मात वाटी विसळली नाही, म्हणून माझ्या डोक्यात आलं नाही. धुण्याचा सोडा त्या शर्टातून नीट निघाला नव्हता. हे मी चार लोकांना सांगून पाहिलं, तर नाचता येईना अंगण वाकडं म्हणाले. आठवड्याभरात सदाशिव दुकानदाराने बाटल्या परत धाडल्या. आगळात रंग मिसळता, असा निरोप. वयनीचं नाव शाईवाली पडलं. खाणीवर नारायणला ड्रायव्हर विचारायला लागले, टाकीत डिझेल भरलंस की शाई. त्या वर्षी जत्रेच्या नाटकाला तिने बाटली दिली नाही. कुंकवाचं पाणी आणलं आणि मी अत्यंत वाईट मेलो.

वयनी रडली नाही, भयंकर चिडली. पुढच्या मे महिन्यात तिने नेहमीइतकंच आगळ काढलं आणि सगळ्या बाटल्या ओसरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतील अशा ओळीने मांडून ठेवल्या. कुणी घेत नव्हतं. मला ते बघवत नसे. मी तिकडे न पाहता शाळेत जायचो, याची आजही लाज वाटते.

दोन वर्षांनी दुसरा भाग निघाला. पहिला हसण्यासाठी का होईना, चालला होता ना! पोफळीत रुतून राहिलेला कोयता कुणीतरी उपटतो आणि भूत पुन्हा सुटतं, अशी नवी गोष्ट. मी तर मेलेला, म्हणून मला माझाच जुळा भाऊ केलं. रक्त मात्र या वेळी मुंबईहून येणार होतं, पावडरीचं.

हे कळलं त्याच दिवशी वयनी कुळागरात चालू शूटिंगमध्ये येऊन उभी राहिली. हातात एक बाटली आणि दोन पांढरे शर्ट. दोन्ही शर्ट माझे होते, हे मला तिथे कळलं. माझ्या बायकोने परस्पर दिले होते. एक सोड्यात धुतलेला, दुसरा बिंबलं या आंबट फळांच्या पाण्यातून काढलेला. तिने ते गौरेशच्या दोन हातांत दिले आणि दोन्हींवर आगळ ओतलं. डावा शर्ट त्याच्या हातातच निळा पडत गेला. उजवा लालच राहिला.

‘आता सांग,’ वयनी म्हणाली, ‘खोट कोणाची?’

 गौरेशने मान खाली घालून विचारलं, सिनेमाचे शर्ट धुणार कोण?

‘हांव. दुसऱ्यान हात लावचो ना. आनी रक्त कोणाचें, तें पडद्यार बरयचें.’

पडद्यावर नाव लिहायचं गौरेशने कबूल केलं आणि तिने सहा शर्ट बिंबलांच्या पाण्यात काढले. रक्त दाट व्हावं म्हणून आगळात गुळाचा पाक घातला. परिणाम असा की माझ्या मरणाच्या दृश्यात मुंग्या माझ्या मानेवर चढल्या आणि मी, मेलेला माणूस, हूं की चूं न करता पडून राहिलो. माझ्या अभिनयाबद्दल कुणी चार शब्द बोललं नाही ते नाहीच, पण ते असो.

दुसऱ्या दिवशी वाळलेलं रक्त हवं होतं, म्हणून वयनीने ते माखलेले शर्ट रस्त्याकडेच्या दोरीवर टाकले. दोडामार्गच्या बसमधून लोकांनी ते पाहिले आणि दुपारी पेडण्याहून हवालदार हजर. इब्रामपुरात खून पडलाय म्हणे. वयनीने एक शर्ट काढून त्याच्या नाकाखाली धरला. हवालदाराने हुंगलं, त्याच्या तोंडाला पाणी सुटलं, आणि जाताना तो ओसरीवरची एक बाटली विकत घेऊन गेला. दोन वर्षांत विकली गेलेली ती पहिली बाटली.

दुसरा भाग त्याच थिएटरात लागला. वयनी त्याच लुगड्यात आली. सुरुवातीच्या नावांत ‘रक्त : कमलाक्षी, इब्रामपूर’ अशी पाटी आली आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. ‘शाईवाली!’ कुणीतरी ओरडलं.  दोन रांगा पुढे सदाशिव दुकानदार बसला होता, तोही खांदे हलवून हसत होता. वयनी पडद्याकडे बघतच नव्हती. ती लोकांकडे बघत होती.

मध्यंतराच्या जरा आधी कोयता जुळ्या भावाच्या मानेत बसला. धार शर्टावर उतरली. सगळे निळ्याची वाट बघत राहिले. रक्त लाल राहिलं, पसरलं, दाट झालं, मग कडेने काळपट होऊ लागलं. हसू कुठल्या कुठे गेलं. एक बाई किंचाळली आणि तिच्यामागोमाग अर्धं थिएटर. मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. स्वतःचा गळा कापलेला पाहून मी टाळ्या वाजवत होतो आणि नारायण डोळे पुसत होता.

दिवे लागले. कँटीनवाल्याने कोकम सरबताचे लालभडक ग्लास ओळीने मांडले होते. लोक बाहेर आले, ग्लास पाहिले आणि मागे सरले. एकानेही हात लावला नाही. सदाशिव रुमाल तोंडाला लावून भिंतीशी उभा होता.

वयनी गर्दीतून सरळ पुढे गेली, एक ग्लास उचलला आणि सगळ्यांच्या देखत सावकाश, तळ दिसेपर्यंत प्याली. मग ग्लास ठेवून सदाशिवकडे वळली.

‘हें आगळ कोणाचें रे?’ तिने विचारलं. ‘माजें न्हय. पातळ आसा.’