आप्पांची घाई

लाकूड कातायच्या त्या कारखान्यातून माणसं निघून जात, पण त्यांची नावं मागे चिकटून राहत. अरुंद टोकाची पटाशी सोनाराची, कारण एका सोनाराच्या मुलानं ती घासून घासून तशी केली होती. लाकडावर टिचकी मारून आतला तडा बोटानंच ओळखायचा, ती बहिऱ्याची टिचकी. एकदा नाव लागलं की माणूस महिनाभर मिशीला पीळ देत फिरे.

ठेंगणीच्या घराच्या वाट्याला मात्र ‘आप्पांची घाई’ आली होती. ठेंगणी म्हणजे पायाखाली फळी घेऊन लाकूड फिरवायचं लेथ चालवणारी ती, आणि आप्पा तिचे वडील, पूर्वी इथलेच कारागीर. पटाशी ज्याच्या आधारानं धरतात तो लोखंडी टेकू त्यांनी एकदा लेथ बंद न करताच सरकवला आणि उजव्या हाताची दोन बोटं गमावली. तेव्हापासून ती चूक त्यांच्या नावावर.

ठेंगणी सात वर्षं तिथं कामाला होती आणि सात वर्षं भीत होती. टेकूला हात लावायचा म्हटलं की ती आधी बटण बंद करी, लाकूड थांबलं का बघे, पुन्हा बटण बघे. ‘हिचं कातणं कमी आणि बटण दाबणंच फार,’ म्हणून सगळे हसत. तीही हसे. दुसरं करणार काय?

त्या सकाळी मुकादमानं एक नवी बाई तिच्या हाती सोपवली. बाई चाळिशीची, आधी शाळेत शिपाई होती. ठेंगणीनं तिला सगळं मन लावून शिकवलं. सोनाराची पटाशी दाखवली, बहिऱ्याची टिचकी मारायला लावली. टेकूपाशी आल्यावर मात्र तिची जीभ अडली. पहिल्याच दिवशी या परक्या बाईनंही आप्पांना हसायचं?

“टेकू हलवण्याआधी मशीन बंद करायचं,” ती दुसरीकडे बघत म्हणाली आणि पुढे सरकली. बाईनं मान डोलावली. शाळेत असल्या सूचना रोज फळ्यावर लागत, आणि त्या कोण वाचतं ते तिला ठाऊक होतं.

दुपारी ठेंगणी मोठा वाडगा कातत होती. सहज मान वळवली तर शेजारी लाकूड गरगर फिरत होतं आणि बाईचा हात टेकूकडे चालला होता.

“आप्पांची घाई!” ती जीव खाऊन ओरडली.

कारखान्यातले सगळे हात जागच्या जागी थांबले. मुकादमानं तर हातातला चहासुद्धा खाली ठेवला. थांबला नाही तो फक्त बाईचा हात. त्या ओरडण्याचा अर्थ तिला कुणी सांगितलाच नव्हता.

ठेंगणीनं फळीवरून उडी घेतली, बाईला दंड धरून मागे ओढलं, आणि दोघी भुशात पडल्या. बाईच्या करंगळीचं नख तेवढं उलटलं.

“काय ओरडलात, ताई? आप्पा कोण?” बाईनं विचारलं.

ठेंगणीनं उठून आधी बाईच्या लेथचं बटण बंद केलं, मग पुन्हा बटण बघितलं.

संध्याकाळी तिनं आप्पांना भीत भीत सगळं सांगितलं.

“नाव का नाही सांगितलंस तिला?”

“लाज वाटली, आप्पा.”

“माझी लाज?”

तिनं मान खाली घातली.

“अगं, माझी बोटं माझ्या घाईनं गेली,” आप्पा म्हणाले. “तिची आज तुझ्या लाजेनं गेली असती. मग कारखान्यातल्यांनी नाव कुणाचं लावलं असतं?”

आप्पांनी उरलेल्या तीन बोटांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

“उद्या घेऊन ये तिला,” ते म्हणाले. “मीच सांगतो.”