पुठ्ठ्यातली पानं

कर्जतच्या बाजारात एका माडीवर पूर्वी वाचनालय होतं. त्याची एक ख्याती होती. पुस्तक घरी न्यावं, चुलीवरचं दूध उतू जाऊ देऊन वाचावं, आणि शेवटच्या पानांच्या जागी नुसता पुठ्ठा हाती लागावा. सगळ्या पुस्तकांचं असं नव्हतं, काहींचंच. लोक चिडून माडी चढायचे आणि बांधणी करणाऱ्याला फैलावर घ्यायचे. "पदू, त्या बाईचं पुढं काय झालं रं?" पदू मान वर न करता म्हणायचा, "आलं तवाच तसं व्हतं." मग शिव्या. त्या शिव्या अगदी योग्य माणसाला बसत होत्या, कारण ती पानं त्यानंच काढलेली असायची.

हा पदू म्हसे माझा सख्खा काका. मी गोदा, त्याच्या धाकट्या भावाची, नामाची, मुलगी. काकाबद्दल कर्जतात जे बोलतात ते मी लहानपणापासून ऐकत आले आणि मला त्याचा वीट आलाय. शेवटच्या आजारपणात त्यानं मला स्वतः जे सांगितलं, ते आता मी सांगणार. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल तोंड फिरवावं.

वाचनालय उघडणं, झाडणं, पुस्तकं देणं ही कामं त्याची. पण खरं काम पावसाळ्यात. आमच्याकडे दमटपणानं पुस्तकं फुगतात, कसर लागते, शिवण सुटते. काका एकेक पुस्तक उसवायचा, पुन्हा शिवायचा, मोरचूद घातलेल्या खळीनं पुठ्ठा चढवायचा. जाड पुठ्ठा विकत आणणं समितीला परवडत नसे, म्हणून जुने कागद एकावर एक चिकटवून, दगडाखाली दाबून, तो घरीच पुठ्ठा करायचा. त्याच्या पुठ्ठ्यात काय काय असायचं हे कुणी पाहिलं नव्हतं.

काकाला बाईची ओढ नव्हती. पुरुषाची होती. आमच्या घरात हे कुणी कधी उच्चारलं नाही. आजोबांनी 'पदूला कडक मंगळ आहे' असं गावभर सांगून लग्नाचा विषय मिटवला. मंगळ बिचारा खरंखोटं करायला थोडाच खाली येतोय! काका चाळिशीपर्यंत असाच एकटा, मान खाली घालून शिवत राहिला.

साठ सालच्या सुमारास येसाजी वाचनालयात यायला लागला. कडावच्या गौराबाईचा एकुलता एक मुलगा, साजगावच्या एका कारखान्यात कामाला. आठवडाभर तिकडे खोलीवर, रविवारी कर्जतला उतरून सायकलनं कडावला आईकडे. जाताना एक पुस्तक न्यायचा, पुढच्या रविवारी परत. एकदा पुस्तक घेऊनही तो जाईना. उगाच कपाटापाशी घुटमळला आणि म्हणाला, "पदूदादा, आमच्या कारखान्यात माझा एक दोस्त हाय. त्याला बाईचं कायच वाटत नाय. पुरुषाचंच वाटतं. असल्या माणसाचं एखादं पुस्तक असतं का रं?"

काकाच्या बोटात दाभण घुसलं. "बघतो," एवढंच तो म्हणाला.

दोनचार रविवारी तो दोस्त बोलण्यातून आपोआप गळाला. "दोस्त कुठला, मीच हाय," येसा म्हणाला. "मला फक्त येवढं कळायला पायजे, असला माणूस जगतो कसा? म्हातारा व्हतो का? एक जरी सापडला ना दादा, तर मी पण रेटीन. नायतर नदी हायच."

'मी पण तसाच आहे' हे शब्द तेव्हा काकाच्या ओठांवर आले होते. ते त्यानं गिळले. का, ते मी विचारलं. तो म्हणाला, "माझा त्याच्यावर जीव बसला व्हता, गोदे. बोललो असतो तर त्याला वाटलं असतं, ह्याला मीच पायजे म्हणून सांगतो. मग तो आलाच नसता." म्हणून स्वतः गप्प राहून काका पुस्तकांत दुसरा माणूस शोधायला लागला.

त्यानं वाचनालय पालथं घातलं. एका जुन्या ओवीबद्ध पोथीत शापानं बाई झालेला राजपुत्र सापडला. बाईपणी तो चांगला सुखात होता, पण शेवटच्या अध्यायात उःशाप मिळून पुन्हा पुरुष झाला आणि लोकांनी गुढ्या उभारल्या. एका फार्सात साडी नेसणारा तरुण होता, त्याला तिसऱ्या अंकात चपलांनी मारलं आणि म्हणे प्रेक्षक हसले. एका रहस्यकथेत दोन मैत्रिणी एका घरात गोडीनं राहत होत्या. तेवढ्यावरून वाचणाऱ्यानं ओळखावं की खून यांनीच केलाय, आणि तसंच निघालं. परभाषेतून आणलेल्या कादंबरीत दोन शिपाई होते, त्यातल्या एकानं स्वतःला गोळी घातली. एका डॉक्टरांच्या आरोग्यविषयक पुस्तकात तर गार पाण्याची आंघोळ आणि लवकर लग्न असा उपाय होता. आणि अगदी अलीकडच्या एका कादंबरीत एक मास्तर होता, शांत, गाणं आवडणारा, शेजारच्या गवंड्यावर जीव लावणारा. काका म्हणाला, ते वाचताना त्याला रडू फुटलं, कारण त्यात पहिल्यांदाच कुणी हसत नव्हतं. शेवटच्या पानावर त्या मास्तरानं विहिरीत उडी घेतली.

शंभर वर्षांतले लिहिणारे, कोण पोथीवाले, कोण नाटकवाले, एकमेकांचं तोंड न पाहिलेले, आणि शेवट करताना सगळ्यांचं कसं एकमत! मला आजही त्यांचा राग येतो.

येसा दर रविवारी विचारायचा, "सापडला का?" काकानं मग उपाय काढला. ती पुस्तकं बांधणीला घेतली आणि शिवताना शेवटची पानं बाहेर ठेवली. पण त्या पानांचं करायचं काय? चुलीत घालवेनात. पुस्तकाला चुकून पाय लागला तरी कपाळाला हात लावून नमस्कार करणारी आम्ही माणसं, छापलेला कागद जाळणार कसा? फेकला तर कुणाच्या पायाखाली येणार. म्हणून ज्या पुस्तकाची पानं, त्याच पुस्तकाच्या पुठ्ठ्यात त्यानं ती चिकटवून टाकली. विद्येचा अपमानही नाही आणि डोळ्यांसमोर मरणही नाही.

पुस्तक येसाच्या हातात देताना तो सांगायचा, "शेवटची पानं गेलीत. पण मी मागं वाचलं व्हतं. जगतो तो."

येसा त्यावर जगला, हे खरं आहे. रविवारी येऊन तो स्वतःच शेवट रचून सांगायचा. शिपाई पेन्शनीत निघाले, दोघांनी मिळून शेळ्या पाळल्या. दोघी मैत्रिणींना पोलिसांनी सोडलं, त्या देवदर्शनाला गेल्या. ऐकताना काका मनापासून हसायचा. त्याच्या आयुष्यातला तेवढाच सुखाचा काळ.

चौसष्ट साली गौराबाईनं पळसदरीची सुंदरा नावाची मुलगी येसासाठी ठरवली. दिवाळीनंतर लग्न. येसानं नाही म्हणून पाहिलं, आईनं अन्नपाणी सोडलं, तो हो म्हणाला. त्या रविवारी त्यानं मास्तराची कादंबरी पुन्हा मागितली. "धीर येतो वाचून," म्हणाला. "तो मास्तर निभावतो ना, मग मी पण आयेला खरं सांगीन. पोरीचं वाटोळं नको."

श्रावणातल्या झडीत कडावच्या घराचं कौल सरकलं आणि माळ्यावरचं ते पुस्तक भिजलं. गौराबाईला अक्षर येत नव्हतं, पण वाचनालयाचं पुस्तक खराब झालं तर पोराला बोल लागेल एवढं कळत होतं. तिनं ते चुलीशेजारी शेकत ठेवलं. ओल्या पुठ्ठ्याला धग लागली, खळ सुटली आणि पुठ्ठ्याचे पापुद्रे उलगडले. येसा घरी आला तेव्हा आतली छापील पानं वर आली होती. तो तिथंच चुलीपुढं बसून वाचत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माडीवर आला. नखशिखांत भिजलेला. पुस्तक हातात धरून सुटलेली पानं काकासमोर ठेवली.

"हा तर मेला, दादा."

काकानं ती पानं हातानं सपाट केली.

"बाकीचे?"

"येसा, बस जरा."

"बाकीचे पण मेले? एक तरी सापडला का तुला? खरं सांग. आईची शप्पथ हाय."

इतकी वर्षं खोटं बोललेला माणूस नेमका तेव्हा खरं बोलला. "पुस्तकात नाय सापडला कोण."

येसानं पुस्तक नीट कपाटात ठेवलं, मागं कधीतरी विसरून कोपऱ्यात राहिलेल्या आपल्या छत्रीकडे पाहिलंही नाही, आणि जिना उतरून गेला. खाली धान्याच्या दुकानातला वाल्मिक ओरडला, "पदू, तो येसा भिजत पुलाकडं कुठं चाललाय रं?" काका खळीच्या हातांनी धावत सुटला.

उल्हास नदीला पूर आला होता. पूर आला की निम्मं कर्जत पुलावर बघायला जमतं, तसं जमलं होतं. पोरंबाळं, दुकानदार, वाचनालयाचे अध्यक्ष भिवाजीशेठसुद्धा. पलीकडच्या टोकाला येसा कठड्यावर चढून उभा होता. लोकांना वाटलं, पूर नीट दिसावा म्हणून चढलाय. काकाला गर्दीतून वाट मिळेना. हाक मारली तर तो वळेना. मग जे इतकी वर्षं एका माणसाच्या कानात सांगता आलं नव्हतं, ते काकानं साऱ्या गावासमोर बोंब ठोकून सांगितलं.

"येसा! मी हाय रं! तू पुस्तकात शोधतोस तो मी हाय! मला पण पुरुषाचंच वाटतं. चाळिशी उलटली माझी. बघ इकडं, जिता हाय मी!"

पाण्याच्या आवाजातही ते सगळ्यांना ऐकू गेलं. कोणी फिदीफिदी हसलं, कोणी पोरांचे कान झाकले. येसा वळला. त्यानं काकाकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं, मग कठड्यावरून पुलावर उतरला. रडत होता. काकाकडे आला नाही. पलीकडे उतरून चालत राहिला आणि वळणाआड गेला. तो कडावला गेला नाही, साजगावलाही पोचला नाही.

लग्न मोडलं. गौराबाई आमच्या दारात येऊन छाती पिटत म्हणाली, "पदू, तुझ्या पुस्तकांनी माझा पोर घालवला. तुझं तळपट व्हईल." काकानं तिचे पाय धरले, तिनं त्याला झिडकारलं. समितीनं त्याला काढलं. कारण काय दिलं, तर पुस्तकांची नासधूस! खरं कारण तोंडातून काढायला भिवाजीशेठना लाज वाटली. जायच्या आधी काकानं सगळे पुठ्ठे फोडून सगळी पानं परत जागेवर शिवून दिली.

मग त्यानं आमच्या घराच्या ओट्यावर, भर रस्त्याला, शाळेची पुस्तकं बांधायला सुरुवात केली. पोरं टाळ्या वाजवत जायची. बाया पदर सावरून पलीकडून जायच्या. बाबांनी हात जोडले, "दादा, पेणला जा, ठाण्याला जा, मी पोचवतो. निदान आत तरी बस." तो हलला नाही. मीही वयात आल्यावर चिडायची. याच्यामुळे माझी दोन स्थळं फिरली होती, आणि हा बसलाय चव्हाट्यावर!

त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात त्याची छाती भरली. मी सासरहून शुश्रूषेला आले. तेव्हा त्यानं हे सारं सांगितलं. म्हणाला, "मी पण नदीवर गेलो व्हतो गं. दोनदा. एकदा गौराबाई बोलून गेली तवा. पण करणार काय? मी पुलावर वरडून सांगितलं व्हतं, जिता हाय म्हणून. मला मरायची सोयच राह्यली नाय. येसा कवातरी ह्या रस्त्यानं आला आणि मी दिसलो नाय, तर तो म्हणंल, हा पण गेला."

"एकोणीस वर्षं झाली, काका. तो नाय येणार."

"नसंल येणार."

डॉक्टरांनी गारव्यात बसायचं नाही म्हणून बजावलं होतं. मी त्याला आत, माजघरात, घोंगडी घालून झोपवलं. त्यानं जेवण सोडलं. रडायला लागला, लहान मुलासारखा, "भायेर घे, गोदे, भायेर घे." मला ते सहन होईना. मी आणि बाबांनी त्याला उचलून ओट्यावर आणलं, भिंतीला टेकवलं, कानाला मफलर गुंडाळला. पाऊस बारीक लागला होता. त्याच्या डोळ्यांना आता लांबचं दिसत नव्हतं.

"मी दिसतो का गं रस्त्यावरनं?" त्यानं विचारलं.

"दिसतोस, काका."

"नीट बघून सांग."

मी पदर डोक्यावर घेतला, चिखलातून रस्ता ओलांडला, पलीकडे जाऊन उभी राहिले आणि वळून पाहिलं. मग तिथूनच मोठ्यानं ओरडून त्याला सांगितलं, दिसतोस म्हणून.