घागरीचं पाणी

सकाळी राधाकिशननं माशांच्या काचेच्या टाकीचा दिवा लावला, तर आतली प्रवाळं मिटून बसलेली. रोज दिवा लागला की तासाभरात ती फुलत. आज नऊ वाजले तरी एकही उघडलं नव्हतं. गोगलगाई काचेवरून सुटून वाळूत उलट्या पडल्या होत्या. लाल पट्ट्यांची कोळंबी दगडामागं आडवी पडली होती, हलत नव्हती. नारिंगी मासे मात्र नेहमीसारखे हिंडत होते.

सेलूतल्या दोन खोल्यांच्या घरात दोनशे लिटर समुद्र ठेवायचा उद्योग मुळात त्याच्या मुलीचा, वैष्णवीचा. तिला रत्नागिरीला नोकरी लागली. टाकी तिकडं एवढ्या लांब नेता येणार नव्हती, म्हणून ती नांदेडच्या एका हौशी माणसाला द्यायची ठरली. तेव्हा राधाकिशन म्हणाला, "माझ्याकडं राहू दे." वैष्णवीनं अट घातली, "दोन महिने बघू, आप्पा. नीट चाललं तर तुमची. न्हाईतर नांदेडचा माणूस येऊन घेऊन जाईल." त्या दोन महिन्यांतले पाच आठवडे झाले होते.

राधाकिशन छत्तीस वर्षं कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होता. घरी बसल्यापासून कान लावून ऐकावं असं यंत्र त्याला उरलं नव्हतं. टाकीच्या पंपाची घरघर सुरू झाली आणि तो परत सकाळी वेळेवर उठायला लागला.

त्यानं जिनिंगच्या सवयीनं एकेक तपासलं. पाणी सत्तावीस अंश. खारटपणाचा काटा जागेवर. अमोनियाच्या चाचणीचा रंग पिवळा, म्हणजे काही नाही. पंपाची धार पुरती. यंत्र ठीक होतं आणि माल खराब निघत होता. असं झालं की बाहेरून काहीतरी आत पडलेलं असतं, एवढं त्याला ठाऊक होतं.

"फरशीला फिनाईल लावलंस का?" त्यानं बायकोला विचारलं.

"लावलं की. दर सोमवारी लावते. आजच कसं बाधलं?" गोजरबाई म्हणाली.

"आन् उदबत्ती?"

"देवापुढं लावते. माशापुढं न्हाई."

त्यानं वैष्णवीला फोन लावला. ती म्हणाली, "आप्पा, आठ दिवसांत नवीन काय झालं ते सगळं सांगा. बादली, साबण, रंग, फवारणी, काहीबी."

त्यानं फिनाईल सांगितलं. शेजारच्यांनी दाराला दिलेला रंग सांगितला. कूलर चालू केल्याचं सांगितलं. घागरीचं सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. ते त्याच्या मनातच आलं नाही.

घागरीचं असं होतं. एप्रिलच्या उन्हात टाकीतलं रोज तीनेक लिटर पाणी उडून जाई. मीठ मागं राही, म्हणून काचेवरच्या खुणेपर्यंत आरओचं गोडं पाणी घालावं लागे. ते पाणी प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठवत. आठवड्यापूर्वी कॅन तडकला. राधाकिशननं माळ्यावरची तांब्याची घागर काढली. कारखान्यानं निरोपाच्या दिवशी दिलेली. चिंच-मीठ लावून तासभर घासली, तोंड दिसेपर्यंत. संध्याकाळी भरायची, सकाळी टाकीत ओतायची. प्यायचं पाणी तांब्यातलं चांगलं म्हणतात. मग टाकीला त्याहून चांगलं भांडं कोणतं? एवढे कष्ट घेतलेल्या कामात खोट असेल असं त्याला वाटणं शक्य नव्हतं.

"आधी चाळीस लिटर पाणी बदला, मग बघू," वैष्णवी म्हणाली.

तो दुकानातून आरओचं पाणी घेऊन आला. मीठ कालवायला भांडं हवं होतं. त्यानं घागर पुढं ओढली आणि मिठाची पिशवी उघडली.

"अहो, अहो! मीठ काय घालायलाव त्यात?" गोजरबाई दारातूनच ओरडली. "तांब्यात खारट कुणी ठेवतं का? कळकतं की!"

"ठेवायचं कुठं हाय? लगेच ओतायचंय."

"ताक तरी ठेवू देता का मला तांब्यात, बिनकल्हईच्या? हिरवं होतं म्हणून तुमीच वरडता."

"ताकाचं वेगळं. साधं पाणी कुठं कळकतं?"

"मग ह्या आतल्या कडंला काय हाय, बघा की."

त्यानं घागर उजेडाकडं कलवली. आत, जिथवर रोज पाणी भरत होता तिथं, निळसर हिरवी रेघ उमटली होती. आठ दिवसांपूर्वी त्यानंच घासून लख्ख केलेलं तांबं. त्यानं मिठाची पिशवी खाली ठेवली. रोज तीन लिटर, आठ दिवस.

फोन परत लावायला त्याला थोडा वेळ लागला. कारण सापडलं नाही, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. पण खोटं कारण सांगून उपाय खरा कसा मिळणार?

"वैशू, कॅन तडकला म्हणून तांब्याची घागर काढली होती. पाणी मीच त्यात ठेवत होतो."

वैष्णवी म्हणाली, "आरओचं पाणी उपाशी असतं, आप्पा. ज्या भांड्यात ठेवाल त्यातलं ओढून घेतं. माणसाला तेवढं चालतं, माशालाबी जरा चालतं. कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ, यांना मात्र जहर."

"नांदेडच्या माणसाला बोलाव मग."

"त्याला बोलावून काय करू, कळकलेली टाकी देऊ? आधी पाणी बदला. मी तांबं ओढून घेणारे मणी पाठवते. अन् आशा फार ठेवू नका. दगडात मुरलेलं असंल."

गोजरबाईनं प्लॅस्टिकची बादली आणून ठेवली होती.

"फिनाईलचं उगीच बोललो," तो म्हणाला.

"बोललात. आता बादली धरा, कंबर दुखायलीय माझी."

पुढचे आठ दिवस रोज पाणी बदलणं चाललं. मण्यांची पिशवी तिसऱ्या दिवशी आली. ती पंपाच्या धारेत टांगली. कोळंबी गेलीच होती. गोगलगाई दोनच वाचल्या. फांद्यांचं प्रवाळ पांढरं पडत गेलं आणि पाचव्या दिवशी त्याचं कातडं सुटलं. तेवढा तुकडा राधाकिशननं काढून टाकला. चामड्यासारखं, जाडसर पानांचं एक प्रवाळ मात्र मिटलेलंच, पण घट्ट उभं होतं. दहाव्या दिवशी त्याच्या एका कडेला बारीक केसांसारखं काहीतरी बाहेर आलं.

त्यानं फोटो काढून पाठवला. वैष्णवीचा लगेच फोन आला.

"जगतंय, आप्पा. टाकी राहू द्या तुमच्याकडंच. फक्त नवीन काही करायच्या आधी मला विचारायचं. तुमाला कितीबी चांगलं वाटू दे."

"विचारीन." त्यानं शेजारी पडलेलं धोतर उचललं. "बरं, काच पुसायला जुनं धोतर चालंल का? मऊ झालंय चांगलं."

"कशानं धुतलेलं हाय?"

राधाकिशननं धोतर नाकाजवळ नेलं, हुंगलं, आणि घडी करून बाजूला ठेवून दिलं.