एमलिन बॉयलरनं ठेवलेलं नाव

त्या खोऱ्यात प्रॉसर आडनावाची पंधरा-वीस घरं होती आणि एमलिन प्रॉसर नावाचे चौघे. म्हणून माणसं धंद्यावरून ओळखली जात. एक एमलिन दूधवाला, एक एमलिन बस, एक नुसताच एमलिन लंबू, आणि चौथा एमलिन बॉयलर. चौतीस वर्षं त्यानं एब्बू व्हेलच्या चढउतारांवरच्या घरांतले बॉयलर बसवले, उघडले, धुतले, पुन्हा बसवले. हाताला यश होतं. पण लोकांना तो त्याहून जास्त आवडायचा तो बोलण्यासाठी. शनिवारी सामना संपला की रग्बी क्लबात त्याच्याभोवती पाच-सहा खुर्च्या आपोआप सरकत. कुणाच्या घरी काय पाहिलं ते तो असं रंगवून सांगे की ऐकणाऱ्याच्या ग्लासातली बिअर सांडायची.

बेथेल टेरेस नावाच्या घरांच्या ओळीत ओल्वेन बेडो एकटीच राहायची. वय एकोणऐंशी. शाळेच्या स्वयंपाकघराची ती मुख्य होती, त्यामुळे निम्म्या गावाचं बालपण तिच्या हातच्या पुडिंगवर गेलं होतं, एमलिनचंही. तिचा बॉयलर स्वयंपाकघरात होता. टाकी नाही, काही नाही. तोटी उघडली की तापवून पाणी देणारा. त्या हिवाळ्यात तिनं एमलिनला तीनदा बोलावलं.

"पाणी गरम येतं, मग एकदम गार, मग परत गरम," ती म्हणायची. "अंगाला साबण लावून कुडकुडत उभी असते रे मी."

पहिल्या वेळी त्यानं पाण्याचं तापमान मोजणारा काटा बदलला. दुसऱ्या वेळी आतल्या पट्ट्यांवरचा क्षार धुऊन काढला. तिसऱ्या वेळी स्वयंपाकघरातली तोटी दहा मिनिटं सोडून ठेवली. वाफ येत राहिली.

"हे बघा मिसेस बेडो. हात तरी लावता येतोय का?"

"इथं येतंच. वर न्हाणीघरात बघ ना. आणि रोज नाही होत ते."

"रोज नाही होत?" एमलिन हसला. त्याचे गुडघे दुखत होते आणि जिना उभा होता. "वरचं पाणीही यातूनच जातं. इथं ठीक म्हणजे तिथंही ठीक."

त्यानं हत्यारांची पेटी उचलली आणि तो निघाला.

शनिवारी क्लबात कुणीतरी विचारलं, "काय एमलिन, या आठवड्यात कुणाचं काय बिघडलं?"

"ओल्वेन बेडोचं," तो म्हणाला. "बॉयलर ठणठणीत आहे. बाईचंच डोकं कधी गरम, कधी गार. ओल्वेन गरमगार!"

केवढं हसले सगळे. त्या खोऱ्यात एकदा चिकटलेलं नाव निघत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण हशा ऐकून त्याला बरं वाटलं, आणि पुढच्या शनिवारी त्यानं तो किस्सा थोडा वाढवून पुन्हा सांगितला.

मार्चमध्ये बेकरीच्या रांगेत त्याला ओल्वेनची मुलगी भेटली. डेलिथ कार्डिफला असायची, रविवारी आईकडे यायची. तिनं आपण होऊन त्याचा हात धरला.

"मिस्टर प्रॉसर, तुमचे आभार मानायचे राहिलेत. आईचं काहीतरी बिघडतंय हे आम्हाला कळतच नव्हतं. तुमचं बोलणं कानावर आलं तेव्हा डोळे उघडले. ॲबरगॅव्हेनीला वृद्धाश्रमात जागा मिळतेय. पुढच्या महिन्यात हलवतोय. घर विकायला काढलंय."

एमलिनच्या हातात मटण भरलेल्या गरम पेस्टीची पिशवी होती.

"बरं केलंत," तो म्हणाला.

गाडीत बसल्यावर त्याला ते दोन शब्द आठवले आणि कानशिलं तापली. पेस्टी त्याच्यानं खाववली नाही. तीन वेळा गेलो आणि जिना एकदाही चढलो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी न बोलावता तो बेथेल टेरेसमध्ये जाऊन उभा राहिला.

ओल्वेननं दार उघडलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि ती बाजूला झाली.

एक साधी तपासणी असते, दोन मिनिटांची. बॉयलरमध्ये जाणारं गार पाणी बंद करायचं आणि गरम तोटी उघडायची. पाणी आटलं पाहिजे. एमलिननं खालची चावी फिरवली, जिना चढून न्हाणीघरातली गरम तोटी उघडली आणि थांबला. एक मिनिट झालं. दोन झाली. पाणी वाहतच राहिलं, बर्फासारखं गार.

म्हणजे गार पाणी दुसरीकडून गरम नळीत शिरत होतं. त्यानं भिंतीवरच्या, गरम आणि गार पाणी मिसळणाऱ्या शॉवरकडे पाहिलं. तीन वर्षांपूर्वी शॉवरची धार बारीक झाली म्हणून त्यानंच तो खोलला होता. पाणी उलटं जाऊ न देणारी एक छोटी प्लॅस्टिकची झडप आत असते. तीत कचरा अडकला होता. त्यानं ती काढून टाकली होती. "नवी पुढच्या आठवड्यात आणून बसवतो," असं याच ठिकाणी उभं राहून तो म्हणाला होता. शॉवरची मूठ पूर्ण गरमवर राहिली तर काही होत नसे. पण या हिवाळ्यात ती सैल झाली होती, आणि जरा मागे राहिली की गार पाणी घुसायचं. म्हणून रोज होत नव्हतं.

ओल्वेन दारात उभी होती.

"सापडलं?"

"सापडलं. चूक माझी आहे, मिसेस बेडो. तीन वर्षांपूर्वीची." त्यानं सगळं सांगितलं. सांगताना तो बेसिनकडेच बघत होता.

"डॉक्टरकडे गेले होते मी," ती म्हणाली. " एकटीच. डेलिथला सांगितलं नाही. वार विचारला, तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. सगळं बरोबर आलं. घरी येऊन इथं हात धुतले तर पाणी गार. मग मला वाटलं, डॉक्टरच चुकला असेल."

एमलिननं वाहती तोटी बंद केली.

"नावही ऐकलंय मी," ती म्हणाली. "चॅपलमध्ये मागच्या बाकावर कुजबुजत होते. लहानपणी तू पुडिंग सांडायचास आणि शेजारच्या पोराचं नाव सांगायचास. मला माहीत असायचं. मोठा झाल्यावर सुटेल, असं वाटलं होतं."

त्यानं त्याच दिवशी नवी झडप आणून बसवली. तिनं चहा विचारला नाही, आणि त्या गावात दारी आलेल्या माणसाला चहा न विचारणं म्हणजे काय, हे त्याला समजत होतं.

घरी जाऊन त्यानं डेलिथला फोन केला. ती प्रथम गोंधळली, मग चिडली. "बेकरीत मी तुमचे आभार मानत होते हो! तेव्हा 'बरं केलंत' म्हणालात तुम्ही!" तो "हो" म्हणाला. फोन आपटला गेला. पण वृद्धाश्रमातली जागा तिनं सोडली आणि घरापुढची विक्रीची पाटी आठवड्याभरात निघाली.

शनिवारी क्लबात तो उभा राहिला. "ओल्वेन बेडोच्या डोक्याला काही झालेलं नाही. बिघाड मी केला होता, आणि तपासायला जिना चढायचा आळसही मीच केला." सगळ्यांना वाटलं, किस्सा रंगणार. खुर्च्या सरकल्या. तो खाली बसला तेव्हा दोघेतिघे हसलेसुद्धा, पुढे काहीतरी येईल म्हणून. पुढे काही आलं नाही. त्यानंतर तो क्लबात कमी बोलू लागला. लोक म्हणाले, एमलिन म्हातारा झाला.

ऑक्टोबरात बॉयलर तपासायचे दिवस आले. बेथेल टेरेसवरून जाताना त्याला ओल्वेनच्या दारात दुसरीच गाडी दिसली. ट्रेडेगारची एक तरुण बाई हे काम करायची, तिची. ओल्वेन तिला आत घेत होती आणि वरच्या मजल्याकडे बोट दाखवत होती. एमलिनला एकदम हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याचीही लाज वाटली. त्यानं गाडी पुढे काढली. वरच्या आळीत तीन घरांचं काम होतं, आणि पहिल्या घरात शिरल्याबरोबर त्यानं आधी जिना कुठे आहे ते विचारलं.