घोट्याचा खोटा आकडा

पंचवटीच्या भाजी मार्केटात कॅरेट पालथं केल्याशिवाय मी टोमॅटोवर बोली लावत नाही. वर लालबुंद माल, खाली मऊ पडलेला, हे बघण्यात उमर गेली. पण स्वतःच्या पायाच्या बाबतीत मला गंडवलं गेलं.

गाळ्यावर गादी असते, म्हणून आम्ही चपला बाहेर काढतो. एका सकाळी कॅरेटची कड डाव्या पायाच्या करंगळीला लागली. रक्त दिसलं, दुखलं नाही. मधुमेहानं पाय बधिर झालेले. हळद भरली आणि लिलावाला उभा राहिलो. जखम भरेना.

जवळच्या डॉक्टरनं दंडाला आणि घोट्याला पट्टा बांधून दाब मोजला. "आकडा छान आहे काका, रक्तपुरवठा उत्तम." महिना गेला आणि बोट जांभळं झालं.

बायको म्हणाली, "आकडा छान आहे ना? मग बोटाला सांगा की तसं."

तिनंच मला रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरबाईंकडे ओढत नेलं. बाहेर बाकावर नंबराची वाट बघत मला बसवेना. बाईंनी पावलावर नाडी चाचपली, लागली नाही. मग पायाच्या अंगठ्याला छोटा पट्टा बांधून दाब मोजला.

"साखरेमुळे रक्ताच्या नळ्या चुन्यासारख्या कडक होतात. घोट्याशी त्या दाबल्याच जात नाहीत, म्हणून आकडा खोटाच चांगला येतो. अंगठ्यात सहसा तसं होत नाही. तिथला दाब फार कमी आहे तुमचा, म्हणजे वर नळी तुंबलीय."

"म्हणजे त्या डॉक्टरनं मला कॅरेटचा वरचाच थर दाखवला!" मी ओरडलो.

"ओरडून रक्त खाली उतरत नाही, काका. फुगा घालून नळी उघडू. नाही उघडली तर पाय जाईल."

"करंगळी घ्या, पाय सोडा. जमतंय का बोला."

"इथं घासाघीस चालत नाही. तंबाखूची पुडी तेवढी टाका."

बायकोनं ती माझ्या खिशातून काढून टाकलीसुद्धा.

जांघेतून तार घालून बाईंनी नळी उघडली. संध्याकाळी गार पडलेलं पाऊल हाताला कोमट लागलं. मी सारखा उठून हात लावायला जायचो आणि नर्स दटावायची, "पाय सरळ!" काळी पडलेली करंगळी पुढच्या आठवड्यात काढली. पाय राहिला.

जखम अजून ओली आहे. लिलावाची वेळ झाली की घरी खुर्चीत बसवत नाही. त्या पहिल्या डॉक्टरला जाऊन विचारायचंय, अंगठ्याला पट्टा बांधायला तुझं काय जात होतं?

"जा की," बायको म्हणते, "पण बाईंनी चालायला सांगितल्यावर."

बाई अजून सांगत नाहीत.